वाऱ्याने फाटले

मोखोत्लोंगच्या टपाल कचेरीत
मला पत्रं वेगळी करायला ठेवलं होतं.
निशाण चढवणं हे वरकाम,
खांब आमच्याच दारात होता म्हणून गळ्यात पडलेलं.

सहासष्टच्या ऑक्टोबरात राणीचं निशाण उतरवलं,
तेव्हा मी एकोणीस वर्षांचा.
साहेब म्हणाला, गाठ नीट मार खेतिसा,
वारा आपला झाला म्हणून सैल सोडू नकोस.
मग आमचं वर गेलं:
दांड्याशी हिरवी पट्टी, तिला लागून लाल,
आणि निळ्याच्या मधोमध पांढरी टोपी,
गवताची, शंकूसारखी, वर गाठीचा तुरा,
बाप मेंढरांमागे जाताना घालायचा तशी.
कुणी म्हणालं, निळा म्हणजे पाऊस.
कुणी म्हणालं, लाल म्हणजे श्रद्धा.
बाप बराच वेळ मान वर करून बघत राहिला.
"विणलीय कुणी? काठ कच्चा वाटतो."

त्याच वर्षी धाकटा लेबुसा
वेल्कोमच्या सोन्याच्या खाणीत गेला.
टोपी खुंटीला ठेवून गेला,
तिथे दुसरी मिळते, दिव्याची.

सत्त्याऐंशीच्या जानेवारीत रेडिओ म्हणाला,
निशाण बदललं.
सैनिकांचं राज्य येऊन वर्ष झालं होतं,
आणि पावसाने घाटातला रस्ता वाहून नेला होता.
अकरा दिवस नवं निशाण आलंच नाही.
अकरा दिवस मी रद्द झालेली टोपी चढवत राहिलो.
काय करणार, सकाळ तर रोज होत होती.
एकदा पोलीस हवालदार येऊन खांबाखाली उभा राहिला.
वर बघितलं, खाली बघितलं,
दोन तिकिटं घेतली आणि गेला.

बाराव्या दिवशी घोड्यावरून गठ्ठा आला.
पांढरा, निळा, हिरवा, सगळं तिरकं,
कापणारा उतारावर उभा असावा.
पांढऱ्यावर तपकिरी ढाल, भाला, सोटा.
मातुमेलोने विचारलं, हा भाला कुणासाठी?
मी गप्प बसलो.
चारी बाजूंना आम्हाला शेजारी एकच,
आणि दीर तिचा त्याच्याच जमिनीखाली.

जुनं निशाण राजधानीला परत पाठवायचं होतं.
मी रजिस्टरात लिहिलं: वाऱ्याने फाटले.
चाळीस वर्षांच्या नोकरीत खोटी नोंद ही एवढीच.
मातुमेलोने ते मक्याच्या पिठाच्या पिंपामागे ठेवलं.
पीठ उडून टोपी आणखी पांढरी झाली असेल,
मी काढून बघितली नाही.

लेबुसा त्र्याण्णवला आला, खोकला घेऊन.
म्हणाला, मासेरूच्या पुलावर वर बघितलं,
वाटलं, चुकून भलत्याच देशात उतरलो.
खुंटीवरची टोपी त्याने घातली.
ती कानांपर्यंत खाली आली.
गवत वाढत नाही वाळल्यावर,
हे त्यालाही ठाऊक होतं.
त्या थंडीत, बर्फ पडायच्या आधी, आम्ही त्याला पुरलं.

दोन हजार सहा. पुन्हा ऑक्टोबर.
माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष.
राजधानीहून एक पोरसवदा अधिकारी आला, बूट चकचकीत.
निळा पाऊस, पांढरी शांतता, हिरवी भरभराट,
त्याने बोटांवर मोजून दाखवलं.
आणि मधोमध टोपी. तीच, तुऱ्याची.
पण काळी.
आपण काळी माणसं म्हणून, तो म्हणाला.
बरोबरच असेल.
मला मात्र वाटलं, पांढरी गेली होती ती
जमिनीखालून फिरून आली.
अधिकाऱ्याला हे सांगितलं नाही,
त्याला पुढच्या गावी जायचं होतं.

दोरी मी या काळात चारदा बदलली.
तिचा रंग कुणी विचारला नाही.

गाठ मारली. निशाण वर गेलं
आणि नेमका वारा पडला.
कापड खांबाला चिकटून राहिलं, टोपी घडीत गेली.
शाळेची पोरं रांगेत माना वर करून ताटकळली.
एक पुसेलेत्सो नावाची चिमुरडी, दात पडलेली,
माझ्या कोटाला ओढून म्हणाली, टोपी कुठेय?

मी म्हटलं, थांब जरा.
आपल्याकडे सगळंच उशिरा येतं,
घाट आहे ना मध्ये.